समुद्राकडची बाजू

माझ्या वहिनीचा हात फार चांगला होता, हे आज मी एका ओळीत लिहून मोकळी होते. त्या काळी कुणी हे वाक्य माझ्यासमोर उच्चारलं की माझ्या पोटात दुखायचं. म्हणजे वाक्प्रचारातलं नव्हे, खरंच दुखायचं, बेंबीच्या वर. आई ओव्याची चिमूट हातावर ठेवायची आणि म्हणायची, "कच्ची चिंच खाल्लीस का गं?" चिंच नव्हती आणि ओव्यानं जाणारं दुखणंही नव्हतं. मी निमूट ओवा चावायची आणि पडवीकडे कान लावून बसायची. तिथे काचेवर काच टेकल्याचा बारीक आवाज यायचा, आणि तो आवाज माझ्या हातून होत नसायचा.

आमचं घर श्रीवर्धनला, बंदराच्या वाटेवर. मागच्या पडवीत दादांचं काम चाले. दादा म्हणजे माझे वडील. तरुणपणी ते मुंबईच्या एका कॉलेजात प्रयोगशाळेत कामाला होते, आणि आजोबा गेल्यावर घर सांभाळायला परत आले तेव्हा तिथली विद्या घेऊन आले. कॉलेजातली मुलं सूक्ष्मदर्शकाखाली माशाचा कल्ला बघतात, बेडकाचं आतडं बघतात, त्या तयार काचा कुणीतरी बनवाव्या लागतात. आमच्या भागात त्या दादा बनवत. बंदरावर होडी लागली की आई टोपली घेऊन जायची आणि दादा बाटली घेऊन. बांगडा हातात येताच दादा तिथल्या तिथे त्याचा कल्ला आणि काळजाचा तुकडा काढून बाटलीतल्या औषधात टाकत. उरलेला बांगडा आईच्या टोपलीत. त्यामुळे आमच्या घरी येणाऱ्या माशाला कल्ला नसायचा, आणि कोळणी आईला चिडवायच्या, "तुज्या घोवानं आधीच खाल्लान वाटतं!"

घराला वास होता लवंगेच्या तेलाचा, वितळलेल्या मेणाचा आणि सुक्या सोड्यांचा. तीन वास एकत्र आले की कसं वाटतं ते सांगता येत नाही, पण आजही कुणी दाढदुखीवर लवंगेचं तेल लावलं की मला भूक लागते. काप काचेला धरून राहावा म्हणून अंड्याचा पांढरा भाग लागे. तो दादांचा. पिवळा बलक आईचा. आई त्याची कांदा घालून भुर्जी करायची आणि तांदळाच्या भाकरीबरोबर आमच्या पुढ्यात ठेवायची. पांढरं असलेलं अंडं मी पहिल्यांदा मैत्रिणीच्या घरी खाल्लं, तेव्हा मला वाटलं, यात काहीतरी भेसळ आहे.

आता ते काप काय, हे सांगायला हवं. माशाचा तुकडा मेणात बसवायचा, त्याची वडी यंत्रावर लावायची आणि मूठ फिरवली की पात्यावरून कांद्याच्या आतल्या पापुद्र्याहूनही पातळ काप सुटत जायचे, एकाला एक चिकटून, फितीसारखे. ही फीत कोमट पाण्यावर सोडायची. पाण्याच्या उबेनं मेण सैलावतं, सुरकुत्या जातात. मग काच पाण्यात तिरकी घालून काप अलगद वर उचलायचा. बाकीचे लोक तो जाड काचपट्टीवर घेतात आणि शेवटी वरून पातळ काचेचं झाकण लावतात. दादा उलटं करत. ते काप त्या नखाएवढ्या पातळ काचेवरच घेत. तिला कव्हरस्लिप म्हणतात. आमच्याकडे नुसतं 'काच' म्हणत. कारण साधं होतं. लहान काचेला लहान बरणी पुरते, आणि लहान बरणीला औषध थोडं लागतं. औषध यायचं मुंबईहून एसटीनं, आणि पोचेपर्यंत निम्मं उडून गेलेलं असायचं.

दादांनी तांबटाकडून पितळी तारेची एक घोडी करून घेतली होती. तिच्या खाचांत या काचा ओळीनं उभ्या राहत, आणि घोडीसकट एका बरणीतून दुसऱ्या बरणीत बुडत, जांभळ्या रंगात, गुलाबी रंगात, मग स्वच्छ औषधात. सगळं झालं की शेवटचं काम. काचपट्टीवर बाल्समच्या डिंकाचा थेंब, आणि त्यावर ही पातळ काच चिमट्यानं पालथी लावायची, काप खाली, पाठ वर. एक कड आधी टेकवायची आणि दुसरी सावकाश खाली आणायची. घाई केली तर आत बुडबुडा अडकतो, आणि बुडबुडा अडकला की काच गेली.

मेख अशी की ओली काच दोन्ही बाजूंनी सारखीच दिसते. काप नेमका कुठल्या बाजूला आहे ते चटकन कळत नाही. चुकून उलटी लावली तर काप वर उघडा राहतो आणि कडेचा डिंक पुसताना फडक्याबरोबर निघून जातो. इतक्या दिवसांची मेहनत फडक्यावर गुलाबी डाग होऊन राहते. म्हणून दादांचा एकच कायदा होता, घोडीतल्या प्रत्येक कापाचं तोंड समुद्राकडे. आमच्या घरात तसंही डावं-उजवं कुणी म्हणत नसे. 'समुद्राकडे सरक', 'डोंगराकडची कपबशी घे', असंच बोलणं. पडवीची खिडकी समुद्राकडे होती, टेबल खिडकीशी होतं, बरण्या ओळीत होत्या. चूक व्हायला जागाच नव्हती.

पाण्यावरून काप उचलायचं काम माझं. शाळेत असल्यापासून माझं. दादा म्हणायचे, "नलूनं उचललेल्या कापाला सुरकुती नसते," आणि मी दिवसभर फुगून फिरायची. शेवटचं काच लावणं मात्र ते कुणाला देत नसत. मला वाटायचं, थांबू. आज ना उद्या तो चिमटा माझ्याच हातात येणार, दुसरं आहेच कोण? मग दादांच्या हाताला कंप सुटला. आधी चहाची बशी वाजायला लागली, मग काचांत बुडबुडे राहायला लागले. माझी मॅट्रिक झाली होती, मी घरीच होते. मी पदर खोचून तयार बसले होते म्हणा ना. आणि त्याच उन्हाळ्यात अण्णाचं, माझ्या भावाचं, लग्न झालं.

वहिनी उरणकडची, मिठागरवाल्यांची. काळीसावळी, उंच, बोलायला मोकळी. अण्णा मुंबईला गोदीत कामाला, महिन्या-दोन महिन्यांनी यायचा, त्यामुळे वहिनी आली ती आमच्याच वाट्याला. मला ती आवडलीही होती, सुरुवातीला. वैशाखात आईनं तांदळाच्या फेण्या घातल्या. वाफवलेली फेणी ताटलीवरून सोडवायची आणि कापडावर पसरायची. माझ्या हातून निम्म्या फाटत. वहिनी ती ओली, लिबलिबीत फेणी दोन बोटांत धरायची, एक कड कापडाला टेकवायची आणि बाकीची अशी उतरवत न्यायची की खाली हवेचा ठिपका राहायचा नाही. दादा ओटीवर चहा पीत होते. त्यांची बशी वाजायची थांबली. मी वळून बघितलं तर ते वहिनीच्या बोटांकडे बघत होते. मला तेव्हाच कळलं. काही कामं माणसाच्या हातून जातात तेव्हा आवाज होत नाही म्हणतात. मला तर बशीचा आवाज थांबलेला ऐकू आला.

दुसऱ्याच दिवशी दादांनी तिला पडवीत बोलावलं. "सूनबाई, इथे बस. हे फेणीसारखंच आहे." वहिनीनं पहिलीच काच लावली आणि बुडबुडा नाही. दुसरी, नाही. मी पाण्याच्या भांड्याशी उभी, आणि मनात एकच जप, राहू दे रे देवा, एक तरी राहू दे. देवानं ऐकलं नाही. हरिहरेश्वराला आईनं नारळ नेला होता तेव्हा मीही मनातलं मागणं सांगून आले होते, पण महादेवाकडे बुडबुड्यांचं खातं नसावं.

मग घरात तिचंच कौतुक. शेजारची काकू सुपारी कातरत बसायची आणि म्हणायची, "सूनबाईच्या हाताला यश हाय हो!" आई मासळीचा चांगला तुकडा वहिनीच्या ताटात वाढायची, "दिसभर मान मोडून बसते बिचारी." मान मी मोडत नव्हते का? मी उचललेले काप होते म्हणून तिच्या काचा दिसत होत्या. पण पाण्यावरून उचललेलं कुणाला दिसतं? पिकतं तिथे विकत नाही, हे मी शाळेत निबंधात लिहिलं होतं. अर्थ पडवीत कळला. मला तिचा हेवा वाटायचा, तिच्या बोटांचा, तिच्या बांगड्यांच्या किणकिणीचा, दादा तिला 'अहाहा' म्हणायचे त्या 'अहाहा'चा. मला दादांनी 'बरं' म्हटलेलं आठवतं. 'अहाहा' नाही.

पावसाळा सरल्यावर माणगावच्या एका कॉलेजातून निरोप आला. मुलांना काच लावताना प्रत्यक्ष बघायची आहे, कुणी येऊन दाखवाल का? पसंत पडलं तर पुढे सगळ्या काचा तुमच्याचकडून घेऊ. दादांचा हात दाखवण्याजोगा राहिला नव्हता. वहिनीला पाठवायचं ठरलं. मला बरोबर. रंगवून तयार केलेल्या काचा घोडीसकट औषधाच्या बरणीत, झाकण घट्ट. बरणी दादांनी माझ्या हातात दिली. "मांडीवर धर आणि फिरू देऊ नकोस. कापांचं तोंड तुझ्याकडे केलंय. गाडीत तूच समुद्र."

हे वाक्य मी म्हसळ्याच्या घाटात मनातल्या मनात इतक्या वेळा म्हटलं की मला गाडी लागायची विसरली. वहिनी खिडकीशी बसून ओकाऱ्या काढत होती आणि मी बरणी छातीशी धरून समुद्र होऊन बसले होते. तिला मी काही सांगितलं नाही. तिनं विचारलंही नाही.

प्रयोगशाळा वरच्या मजल्यावर होती. मी दारातून आत गेले, दाराकडे पाठ करून बरणी टेबलावर ठेवली. म्हणजे काप माझ्याकडे, दाराकडे बघत होते. तेवढ्यात सरांनी मला काचपट्ट्या पुसायला पलीकडे बोलावलं आणि वहिनीला माझ्या जागेवर स्टुलावर बसवलं. समोर मोठी खिडकी. वहिनीनं खिडकीकडे बघितलं आणि तिचा चेहरा निवांत झाला. आमच्या पडवीत बसल्यावर दिसतं तसंच, समोर खिडकी, म्हणजे समोर समुद्र. त्या खिडकीतून दिसत होते सह्याद्रीचे डोंगर. पण सवयीला डोळे नसतात. मुलं टेबलाभोवती दाटली. वहिनीनं चिमट्यानं पहिली काच उचलली, थेंबावर आणली, आणि मी बघितलं की ती उलटी आहे.

खरं सांगते, तो क्षण मला गोड लागला. आता ती काच लावणार, फडकं फिरवणार आणि फडक्यावर गुलाबी डाग येणार, एवढ्या मुलांसमोर. दादांचं 'अहाहा' पुसलं जाणार. मग माझ्या डोळ्यांसमोर ते काप आले. तो बांगड्याचा कल्ला होता, कंगव्यासारखा, एकही दात तुटलेला नाही. पाण्यावरून तो उचलताना मी श्वास धरला होता. तो माझा होता. तिचं नाक कापलं जाताना बघायला मी तयार होते, पण माझा कल्ला पुसला जाताना बघवेना.

"वहिनी!" मी ओरडले. "समुद्र दाराकडे!"

मुलं खो खो हसली. माणगावात समुद्र! सरही हसले. वहिनी हसली नाही. तिचा हात हवेत तसाच थांबला. तिनं दाराकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, आणि चिमटा मनगटात अर्धा फिरवून काच पालथी केली. कड टेकली, काच उतरली. बुडबुडा नाही. मग सगळ्या काचा तिनं दाराकडची बाजू खाली धरून लावल्या. एकही गेली नाही. सर म्हणाले, "वा, काय हात आहे बाई तुमचा!" मी काचपट्ट्या पुसत होते.

घरी आल्यावर वहिनीनं चप्पलही काढली नाही. उंबऱ्यातूनच म्हणाली, "मामंजी, आज मी सगलं घालवलं असतं. वन्संनी वाचवलं." आणि जसं झालं तसं सांगितलं, काही न लपवता. याचाही मला रागच आला. निदान तिनं थोडं खोटं बोलावं, म्हणजे मला तिला नावं ठेवता येतील! दादांनी माझ्याकडे बघितलं. "बरं केलंस," म्हणाले. पुन्हा 'बरं'. माझा बांध फुटला.

"मग आता चिमटा मला द्या," मी म्हटलं. "बाजू मला कळते. काप मीच उचलते. मलाही शिकवा की."

दादा ओरडले असते तर बरं झालं असतं. ते शांतपणे म्हणाले, "नलू, तू उद्या सासरी जाशील. काच लावणारा हात या घरात राहायला हवा. तुला शिकवून मी काय करू?" आई कोकमाची सोलं निवडत होती. ती म्हणाली, "खरंच हाय ते." एवढंच. मी मागीलदारी जाऊन बसले आणि हुंदके देऊन रडले. हात कमी पडला म्हणून नाकारलं असतं तर मी हात सुधारला असता. लेक असणं कसं सुधारायचं?

थोड्या वेळानं वहिनी मासे धुवायला तिथे आली. माझ्याशेजारी पाटावर बसली, मांदेलीची डोकी मोडत राहिली. मोडता मोडता म्हणाली, "वन्सं, आमच्या मिठागरात मीठ वढायची फळी असते. पान्यावर हलक्या हातानं फिरवायला लागते, न्हायतर खालचा चिखल वर येतो. मना ल्हानपनापासून ती पायजे व्हती. बापूस म्हनला, पोरगी काय, आज हाय उद्या न्हाय. आनि भावजय आली तिला शिकवलान. मी बांधावर बसून बगायची." तिनं मांदेली पाण्यात खळबळली. "लय वाटायचं, ती चिखलात पडावी."

"पडली?"

"न्हाय ना! लय चांगला हात तिचा." आणि ती हसली. मी हसले नाही. तिचं दुःख समजलं म्हणून माझं कमी झालं, असं काही झालं नाही. उलट वाटलं, हिला निदान एका घरी मिळालं. मला कुठे मिळणार?

मिळालं नाही. माझं लग्न पनवेलला झालं. माणसं चांगली, किराण्याचं दुकान. रुखवतात माझ्या कापसाची बदकं होती, शंखशिंपल्यांचा ताजमहाल होता, ओल्या नारळाच्या वड्यांचा डोंगर होता. सासरच्या बायका वाखाणत होत्या. दुकानात मी आयुष्यभर कागदाच्या पुड्या बांधल्या, आणि माझ्या पुडीला सुरकुती नसायची, हे गिऱ्हाईकंसुद्धा सांगतील. आता दुकान मुलगा बघतो. मी गॅलरीत बसून हे लिहिते आहे, आणि खालून उरणकडे जाणारे कंटेनरचे ट्रेलर घर हलवत जाताहेत. वहिनीच्या बापाचं मिठागर होतं तिथे आता तेच कंटेनर रचून ठेवलेले असतात, असं ती सांगते. फळी ना भावजयीकडे राहिली ना कुणाकडे.

दादा गेल्यावरही वहिनीनं पडवी बरीच वर्षं चालवली. मग कॉलेजांनी प्राणी कापणं कमी केलं, मागणी आटली. तिच्या मुलाचं लग्न आधी झालं. सून आली, हुशार, नीटस. मी माहेरी गेले की बघत असे, चिमटा कुणाकडे जातोय. तो वहिनीच्याच टेबलावर असायचा. मग मीनलचं, वहिनीच्या लेकीचं, लग्न ठरलं. मीनल एका रुग्णालयाच्या प्रयोगशाळेत लागली होती. नवरा मुलगा माणगावचा, कार्यही तिथल्याच हॉलमध्ये.

आत्या म्हणून मी लवकर पोचले. रुखवत मांडून झालं होतं. चकल्यांचा मनोरा, करंज्या, मोत्यांची तोरणं, आणि मधोमध, लाल वस्त्रावर, दादांची पितळी घोडी. चिंच लावून घासलेली, लखलखीत. शेजारी चिमटा. खाचांत काचा उभ्या होत्या, रिकाम्या. मी जागीच उभी राहिले. वहिनी मागून आली. गुडघे दुखत होते तिचे, माझ्या खांद्याला धरून म्हणाली, "सुनेचा हात चांगला हाय, वन्सं. पन मी लेकीला दिली. तिच्याबरोबर जाऊ दे जिथं जाईल तिथं."

मी तिला म्हणायला हवं होतं, चांगलं केलंस. वहिनीचा मी इतकी वर्षं हेवा केला, पण तो हेवा म्हणजे काहीच नव्हे. हिरव्या चुड्यातली ती मीनल, जिला मी अंगाखांद्यावर खेळवलं, तिचा मला त्या क्षणी असा हेवा वाटला की डोळ्यांपुढे रुखवत दिसेना. बेंबीच्या वर पुन्हा दुखायला लागलं. या वयात.

वहिनी पाहुण्यांकडे गेली. मी पुढे झाले. घोडी भिंतीकडे तोंड करून ठेवली होती. माणगावात समुद्र कुठल्या बाजूला आहे, हे मला तेव्हापासून पक्कं ठाऊक आहे. मी ती दोन्ही हातांनी उचलली आणि दाराकडे फिरवून ठेवली.

मुलाकडची एक बाई रुखवत बघत होती. म्हणाली, "हे काय हो? वेगळंच दिसतंय."

"काचा ठेवायची घोडी. सूक्ष्मदर्शकाच्या."

"अगं बाई! तुम्हाला येतं वाटतं हे काम?"

"येतं," मी म्हटलं. "पण माझ्या रुखवतात बदकं होती."